‘पेना’ म्हणजे दुःख की लाज?

सप्रेम नमस्कार,
मी नाशिकला वाहनांचे सुटे भाग बनवणाऱ्या एका कंपनीत निर्यात विभागात काम करते. आमचं एक मोठं गिऱ्हाईक मेक्सिकोतल्या केरेतारो शहरातलं आहे, म्हणून स्पॅनिशचा वर्ग लावला. पुस्तक स्पेनमध्ये छापलेलं होतं. ए-टू पातळी पूर्ण झाली. मागच्या आठवड्यात व्हिडिओ कॉलवर तिकडच्या बाई, वयानं माझ्यापेक्षा बऱ्याच मोठ्या, म्हणाल्या, ‘मे दा मुचा पेना, पेरो तोदाविया नो एस्तान लिस्तोस लोस प्लानोस.’ ड्रॉइंग्ज अजून तयार नाहीत, एवढं कळलं. ‘पेना’ म्हणजे दुःख असं वर्गात शिकले होते, म्हणून मी लगेच म्हटलं, ‘नो एस्ते त्रिस्ते’, दुःखी होऊ नका. दोन क्षण कोणीच काही बोललं नाही. मग त्या हसल्या आणि बोलणं पुढे गेलं. घरी येऊन शब्दकोश उघडला तर ‘पेना’खाली दुःख, शिक्षा, कष्ट, लाज असं सगळंच. एका शब्दाचे इतके अर्थ लक्षात तरी कसे ठेवायचे? माझ्याकडून त्यांचा अपमान झाला का? माफी मागू का? आणि पुढच्या वर्षी देले या स्पॅनिश प्रमाणपत्राची बी-वन, म्हणजे ए-टूच्या पुढच्या पातळीची परीक्षा द्यायची आहे. तिथे यातला कोणता अर्थ धरायचा?
– एक वाचक, नाशिक

नमस्कार,

आधी तुमच्या मनावरचं ओझं उतरवू. अपमान झालेला नाही. त्या बाई म्हणत होत्या, ‘मला फार संकोच वाटतोय हो, पण ड्रॉइंग्ज अजून झालेली नाहीत.’ तुम्ही त्यांना धीर दिलात. शब्द थोडा बाजूला पडला, भावना नाही. ऐकणाऱ्यांना फार तर एवढं कळलं असेल की या मुलीचं स्पॅनिश स्पेनच्या पुस्तकातून आलेलं आहे. मेक्सिकोच्या लोकांना याची सवय असते. माफी मागू नका, मागितलीत तर आता खरोखरच त्यांना अवघडल्यासारखं होईल. पुढच्या वेळी कोणी ‘मे दा पेना’ म्हटलं की सरळ म्हणा, ‘नो से प्रेओकूपे’, काळजी करू नका. वयानं मोठ्या बाईंशी ‘ते’ऐवजी ‘से’ वापरायचं, हे तुम्हाला सांगायला नको. तुम्ही ‘एस्ते’ म्हणालात, म्हणजे ‘अहो-जाहो’ तुम्ही सांभाळलंत. ते तिकडे नक्की पोचलं असणार.

आता मुख्य प्रश्न. इतके अर्थ लक्षात कसे ठेवायचे? माझं म्हणणं, ठेवूच नका. ‘पेना’ हा शब्द बोलण्यात एकटा भेटतच नाही. त्याच्या पुढेमागे ‘दा’ असतं, ‘वाले’ असतं, ‘के’ असतं, आणि बोलणाऱ्याच्या पाठीशी एक देश असतो. तुम्ही शब्दकोशात त्याला एकटा गाठलात, म्हणून तो चार तोंडांनी बोलला.

‘मे दा पेना’पासूनच सुरुवात करू, कारण इथे मराठी माणसाला एक मोठी सोय आहे आणि तिच्याकडे आपलं लक्षच जात नाही. ‘मे’ म्हणजे ‘मला’. ‘दा’ म्हणजे ‘देतं’. स्पॅनिशमध्ये भावना माणसाला बाहेरून ‘दिली’ जाते आणि ती ज्याला होते तो ‘मला, तुला, त्यांना’ या रूपात उभा राहतो. मे दा मिएदो, मला भीती वाटते. मे दा आस्को, मला किळस येते. मे दा रिसा, मला हसू येतं. मे दा राबिया, मला राग येतो. मे दा पेरेसा, मला कंटाळा येतो. ही वाक्यं मोठ्यानं म्हणून बघा. आपल्याकडेही भीती, राग, कंटाळा, हसू या गोष्टी ‘मी’ करत नाही, त्या ‘मला’ येतात किंवा वाटतात. ‘मे, ते, ले, नोस, लेस’ ही रूपं म्हणजे आपली ‘मला, तुला, त्यांना, आम्हाला’ यांचीच भावंडं.

मग अडतं कुठे? आपण मधे इंग्रजीला घेतो तिथे. वर्गात शिक्षक इंग्रजीतून समजावतात, ॲप इंग्रजीतून प्रश्न विचारतं, आणि नाशिकची मुलगी नाशिकच्याच मराठीतून सरळ स्पॅनिशमध्ये उतरायचं सोडून लंडनचा वळसा घेते. इंग्रजीत भावनेचं वाक्य बहुधा ‘मी’पासून सुरू होतं, म्हणून ‘मे दा’ हा प्रकार तिथल्या विद्यार्थ्याला उलटा वाटतो आणि पुस्तकात त्यावर पानंच्या पानं खर्च होतात. ती पानं तुमच्यासाठी नाहीत. ‘मला संकोच वाटतो’ हे मनात जसं उगवतं, तसंच ‘मे दा पेना’ उगवू द्या. माझ्या मते मराठी विद्यार्थ्यानं स्पॅनिशची वही मराठीतूनच लिहावी. हे मी हट्टानं सांगते.

फक्त एका जागी जपा. आपल्याकडे क्रियापद भावनेच्या मागे जातं: लाज वाटते, राग येतो, वाईट वाटतं. स्पॅनिशमध्ये भावना हे कर्म असतं, आणि ती जिच्यामुळे झाली ती गोष्ट कर्ता. म्हणून रस्त्यावरच्या पिल्लांची कीव आली, तर स्पेनची बाई ‘मे दान पेना लोस पेर्रितोस’ म्हणते. पिल्लं अनेक, म्हणून ‘दा’चं ‘दान’ झालं. हे ‘मला आंबे आवडतात’सारखं आहे. तिथे आपणही आंब्यांकडे बघूनच ‘आवडतात’ म्हणतो.

आता देशांकडे वळू. तुमची अडचण खरं तर इथली आहे. स्पेनमध्ये, आणि दक्षिणेला अर्जेंटिना-चिलीतही, ‘मे दा पेना’ म्हणजे वाईट वाटणं, हळहळणं. ‘के पेना!’ म्हणजे ‘अरेरे!’ तुमच्या पुस्तकानं हेच शिकवलं आणि ते बरोबरच आहे. पण मेक्सिको, मध्य अमेरिकेतले देश, कोलंबिया, व्हेनेझुएला, क्यूबा इकडे ‘पेना’ रोजच्या बोलण्यात लाजेकडे, संकोचाकडे झुकलेला आहे. म्हणजे हा कुठल्या कोपऱ्यातला अपवाद नव्हे. एकट्या मेक्सिकोची लोकसंख्या २०२० च्या जनगणनेत १२ कोटी ६० लाख होती, स्पेनची पाच कोटींच्याही आत. पुस्तकात संकोचाचा अर्थ तळटिपेत गेला असेल, तर तो पुस्तकाचा दोष, तुमचा नाही.

मेक्सिकोतल्या ‘पेना’ला मराठीत सगळ्यात जवळचा शब्द ‘लाज’ नाही, ‘भीड’ आहे. लाजेत काहीतरी चुकल्याचा, मान खाली जाण्याचा भार असतो. त्यासाठी मेक्सिकोतही ‘वेर्ग्वेन्सा’ हा जड शब्द आहेच. ‘पेना’ त्यापेक्षा हलका. पाहुणे म्हणून गेलो, भाजी आवडली, पण पुन्हा मागायची भीड वाटते: ‘मे दा पेना पेदिर मास.’ तेव्हा घरची बाई वाढता वाढता म्हणते, ‘सिन पेना!’ लाजू नका, घ्या. चारचौघांत बोलायची भीड, साहेबांना सुट्टी मागायची भीड, उसने पैसे परत मागायची भीड, हे सगळं ‘पेना’त बसतं. त्या बाईंचा संकोचही याच जातीचा होता. काम वेळेत झालं नाही आणि समोरच्याला थांबावं लागतंय, हे सांगताना आपणही ‘कसं सांगू’ म्हणूनच सुरुवात करतो ना?

कोलंबियात हाच धागा माफीपर्यंत जातो. ‘के पेना कोन उस्तेद’ हे तिथे दिवसभर कानावर पडतं. सुटे पैसे नाहीत, के पेना कोन उस्तेद. उशीर झाला, के पेना कोन उस्तेद. कुणी फार मोठं दुःख सांगतंय असं समजू नका, ते ‘माफ करा हं’ आहे. ग्वातेमालात कुणी ‘नो तेंगा पेना’ म्हणालं, तर ते ‘काळजी करू नका, होईल’ असं सांगत असतं. आणि दुसऱ्याचं वागणं बघून आपल्यालाच मेल्याहून मेल्यासारखं होतं, त्याला मेक्सिकोत ‘पेना आहेना’ म्हणतात. स्पेनमध्ये त्याच ठिकाणी ‘वेर्ग्वेन्था आहेना’.

मग मेक्सिकन माणूस ‘अरेरे’ कसं म्हणतो? ‘के लास्तिमा!’ तुमच्या कामात हे फार लागेल. माल बंदरात अडकला, भेट रद्द झाली: के लास्तिमा. स्वतःचं दुःख सांगायचं तर ‘मे दा त्रिस्तेसा’. कुणाच्या घरी मृत्यू झाला तर ‘लो सिएंतो मुचो’, आणि पत्रात लिहायचं तर ‘मि मास सेन्तीदो पेसामे’. तिथे ‘पेना’च्या वाटेला जाऊच नका. याचा अर्थ दुःखाचा ‘पेना’ मेक्सिकोतून हद्दपार झाला असं मात्र नाही. अनेकवचनात, ‘पेनास’ म्हणून, तो सगळीकडे दुःखच आहे. ‘लास पेनास कोन पान सोन मेनोस’ ही म्हण अटलांटिकच्या दोन्ही काठांवर चालते. हाताशी भाकरी असली की दुःख थोडं कमी बोचतं, असा तिचा अर्थ.

विशेषणांनाही हाच नियम लावा. ‘एस्तोय आपेनादा’ हे माद्रिदमध्ये ‘मी दुःखी आहे’, मेक्सिको शहरात ‘मला फार अवघडल्यासारखं झालंय’. ‘पेनोसो’ माणूस मेक्सिकोत लाजाळू, आणि स्पेनमध्ये एखादी ‘पेनोसा’ गोष्ट म्हणजे त्रासदायक किंवा केविलवाणी. आणि बोलता बोलता इंग्रजीच्या आधारानं ‘एम्बारासादा’ म्हणू नका. त्याचा अर्थ गरोदर.

‘पेना’ मुळात शिक्षा. ग्रीकमध्ये ‘पोइने’ म्हणजे एखाद्याचा जीव घेतला तर त्याच्या नातलगांना द्यावी लागणारी भरपाई. तो शब्द लॅटिनमध्ये ‘पोएना’ झाला, शिक्षा या अर्थानं, आणि तिथून स्पॅनिशमध्ये आला. शिक्षा, तिच्या यातना, यातनांचं दुःख, आणि अमेरिकेत त्या दुःखाचं हलकं झालेलं रूप म्हणजे मनाची घुसमट, भीड. ही साखळी डोळ्यांसमोर ठेवली की चार अर्थ चार राहत नाहीत. कायद्याच्या भाषेत तर तो अजून आपल्या मूळ जागीच आहे. ‘पेना दे मुएर्ते’ म्हणजे मृत्युदंड, ‘कोदिगो पेनाल’ म्हणजे दंडसंहिता. १८६० चा इंडियन पिनल कोड २०२४ च्या १ जुलैपासून जाऊन भारतीय न्याय संहिता आली, पण ‘पिनल’ हा शब्द आपल्या कोर्टकचेऱ्यांत इतकी वर्षं मुरलेला आहे. तो याच घरातला. फुटबॉलमधली पेनल्टीही तिथलीच, आणि मेक्सिकोत तिला नुसतं ‘पेनाल’ म्हणतात. २०१४ च्या विश्वचषकात नेदरलँड्सनं शेवटच्या मिनिटांत मिळालेल्या पेनल्टीवर मेक्सिकोला २-१ असं हरवलं, तेव्हापासून ‘नो एरा पेनाल’, ती पेनल्टी नव्हतीच, हे वाक्य तिथे लहानथोरांच्या तोंडी आहे. केरेतारोच्या मंडळींशी मोकळेपणी बोलायची वेळ आली तर हे एक वाक्य पाठ असू द्या. माणसं एकदम आपली होतात.

आता ‘वाले ला पेना’. हा प्रयोग मला फार आवडतो आणि तो दोन्हीकडे सारखाच चालतो. शब्दशः कष्टांच्या मोलाचं असणं. आपल्याकडे ‘कष्टाचं चीज झालं’ म्हणतात, ते हेच. ‘वालियो ला पेना’ म्हणजे चीज झालं. ‘नो वाले ला पेना’ म्हणजे त्यात काही अर्थ नाही, कशाला जिवाला त्रास. यात ‘ला’ कधीही गाळायचं नाही, आणि पुढे क्रियापद आलं तर मधे कुठलंही अव्यय घालायचं नाही: ‘वाले ला पेना लेएर्लो’, वाचण्यासारखं आहे. गोष्टी अनेक असतील तर ‘वालेन ला पेना’. स्पेनमध्ये ‘मेरेसे ला पेना’ही खूप ऐकाल, तिथल्या उच्चारानं ‘मेरेथे’. तुम्ही मेक्सिकोशी बोलता, तुम्ही ‘वाले’ धरा.

‘आ दुरास पेनास’ म्हणजे कसंबसं, मोठ्या मुश्किलीनं. आणि ‘आपेनास’ हा तर ‘आ’ आणि ‘पेनास’ जोडून झालेला एकच शब्द, म्हणजे जेमतेम. मेक्सिकोत तो ‘आत्ताच’ या अर्थानंही येतो: ‘आपेनास येगे’, आत्ताच पोचले.

लिहिताना एक अक्षर सांभाळा. ‘न’वर नागमोडी रेघ आली की तो ‘पेन्या’ होतो आणि तो अगदी वेगळा शब्द आहे, खडक किंवा कातळ. स्पेनमध्ये मित्रांच्या टोळक्यालाही ‘पेन्या’ म्हणतात. स्पेनच्या सालामांका प्रांतात ‘पेन्या दे फ्रान्सिया’ नावाचा डोंगर आहे, त्यावर मेरीमातेचं प्रसिद्ध स्थान आहे. पोर्तुगीजांनी तेच नाव ‘पेन्हा दि फ्रान्सा’ असं गोव्यात आणलं, आणि मांडवीच्या काठी ब्रिटोण्याला त्या नावाचं पांढरं शुभ्र चर्च उभं आहे. पणजीहून नदीपलीकडे बघताना ते तुम्ही पाहिलंही असेल. पोर्तुगीजमध्ये ‘पेना’ वेगळा आणि ‘पेन्हा’ वेगळा. गोव्यातल्या पोर्तुगीज बोलणाऱ्या घरांत आजही ‘के पेना’ म्हणजे ‘अरेरे’च, संकोच नव्हे. हा मेक्सिकोचा वळणबदल तिकडे गेलेला नाही.

अभ्यास कसा करायचा, तर वहीत ‘पेना = ...’ अशी ओळ खोडून टाका. त्याऐवजी अख्खं वाक्य लिहा, शेजारी बोलणारा कुठला ते लिहा, आणि खाली त्या प्रसंगात तुमच्या घरी मराठीत काय म्हटलं असतं ते लिहा. ‘मे दा पेना मोलेस्तार्ला’, मेक्सिको, ‘तुम्हाला त्रास द्यायला बरं वाटत नाही’. ‘मे दा पेना के ते वायास’, स्पेन, ‘तू चाललास याचं वाईट वाटतं’. शब्दाचा अर्थ लिहायचा मोह होईल, तो टाळा. कॉल झाल्यावर त्या बाईंचीच वाक्यं टिपून ठेवत जा, पुस्तकापेक्षा ती तुमच्या जास्त कामाची.

शब्दकोश द्विभाषी न वापरता स्पॅनिश-स्पॅनिश वापरायला लागा. तुमच्या पातळीला जमेल. स्पेनच्या भाषा-अकादमीचा, म्हणजे १७१३ साली स्थापन झालेल्या रेआल आकादेमिया एस्पान्योलाचा कोश इंटरनेटवर फुकट आहे, आणि त्यात अर्थाच्या आधी देशांची नावं लघुरूपात दिलेली असतात. आपण ती वगळून पुढे वाचतो, आणि तिथेच गडबड होते. मेक्सिकोसाठी एल कोलेहियो दे मेहिको या संस्थेचा ‘दिक्सिओनारियो देल एस्पान्योल दे मेहिको’ बघा, तोही खुला आहे, आणि त्यातली उदाहरणं मेक्सिकोच्या रोजच्या बोलण्याशी जुळणारी आहेत. खोलात जायचं असेल तर अकादमीचा ‘कोर्पेस’ हा २००१ पासूनच्या मजकुराचा संग्रह आहे. त्यात देश निवडून ‘पेना’ शोधा. एकदा मेक्सिको, एकदा स्पेन. अर्ध्या तासात जे दिसेल ते माझ्या या उत्तरापेक्षा जास्त पक्कं बसेल.

देलेचं म्हणाल तर निर्धास्त राहा. ती परीक्षा इन्स्टिट्यूटो सर्वांतेसची असली, तरी तिथे कुठल्याही देशाचं प्रमाण स्पॅनिश चालतं, आणि ऐकण्याच्या भागात वेगवेगळ्या देशांचे आवाज असतात. मेक्सिकोचं वळण उचललंत तर तेच शेवटपर्यंत ठेवा, एका परिच्छेदात मेक्सिको आणि दुसऱ्यात माद्रिद नको. बी-वनला परीक्षक तुमच्याकडून जास्त बघतील ते ‘के’नंतरचं क्रियापद. ‘के लास्तिमा के नो पुएदास वेनिर’, तुला येता येत नाही, अरेरे. इथे ‘पुएदेस’ नाही, ‘पुएदास’. भावना व्यक्त केली आणि पुढे ‘के’, म्हणजे आपलं ‘की’, आलं की सुब्हुन्तिवो, म्हणजे क्रियापदाचं अशा ठिकाणी येणारं वेगळं रूप. ‘मे दा पेना के’ आणि ‘वाले ला पेना के’ या दोन्हींनंतरही तेच. या तिन्हींची चार-चार वाक्यं स्वतःच्या कामातली बनवा: ड्रॉइंग्ज, कंटेनर, बिलं, बैठका. आणि जमलं तर त्यातलं एखादं सोमवारच्या कॉलवर त्या बाईंना म्हणून बघा. चुकलं तर त्या सांगतीलच, आणि तुम्ही विचारलंत याचा त्यांना आनंदच होईल.